भिऱ्याची वीज आणि पाचाडचा डीपी



पाचाडच्या दहावीतल्या एका विद्यार्थिनीने या सदराकडे प्रश्न पाठविला आहे. ती विचारते, "विजेच्या दिव्याचा शोध एडिसनने लावला असे आम्हाला शाळेत शिकवले. मग आमच्या वाडीच्या डीपीवर ११,००० व्होल्ट लिहिलेले असते आणि घरात २३० व्होल्टच येतात, ही कमी-जास्त करण्याची युक्ती कोणाची? आणि एवढी वीज येते तरी कुठून?"

प्रश्न लहान आहे. पण उत्तर शोधायला निघालो तर लंडन, बुडापेस्ट, न्यूयॉर्क असा फेरा मारून आपण शेवटी आपल्याच जिल्ह्यात, भिऱ्याला येऊन पोहोचतो. म्हणून आज हाच विषय घेऊ.

रायगडाच्या पायथ्याला पाचाडजवळच्या हिरकणीवाडीहून १९९६ साली रोपवे सुरू झाला. त्या रोपवेची मोटर, गावातली पिठाची गिरणी, महाडच्या एमआयडीसीतले पंप आणि आपल्या घरातला मिक्सर ही सगळी यंत्रे एकाच प्रकारच्या विजेवर चालतात. तिला आल्टरनेटिंग करंट, थोडक्यात एसी म्हणतात. शाळेच्या पुस्तकात तिचे नाव प्रत्यावर्ती विद्युतधारा असे आहे. एसी म्हटले की पुष्कळांना थंड हवेचे यंत्र आठवते. त्या यंत्राचा आणि या नावाचा काही संबंध नाही.

लोहाराचा मुलगा

या गोष्टीची सुरुवात एका गरीब घरात होते. मायकेल फॅरेडे १७९१ साली इंग्लंडमध्ये एका लोहाराच्या घरी जन्मला. शाळा जेमतेम झाली. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये पुस्तके बांधणाऱ्या एका दुकानदाराकडे उमेदवार म्हणून लागला. बांधायला आलेली पुस्तके तो बांधता बांधता वाचू लागला. त्यातूनच त्याला विज्ञानाची गोडी लागली. पुढे हम्फ्री डेव्ही या नामवंत शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकून त्याने टिपणे काढली, ती स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीकडे पाठवून दिली. १८१३ साली त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी मिळाली.

डेव्हीबरोबर तो युरोपच्या प्रवासाला गेला तेव्हा डेव्हीच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागविले. जेवायलाही नोकरांच्यातच बसविले. आपल्या लोकांना हा अनुभव समजावून सांगण्याची गरज नाही. फॅरेडेने तो गिळला आणि काम चालू ठेवले.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडाच्या एका कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली, दुसऱ्याला सुई हलणारे यंत्र. बॅटरी जोडली त्या क्षणी सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी चालू असताना सुई स्वस्थ राहिली. बॅटरी काढली तेव्हा ती पुन्हा हलली, पण उलट बाजूला. दोन वेटोळी एकमेकांना चिकटलेली नव्हती, तरी एकीकडची वीज दुसरीकडे जाणवली. त्यासाठी अट मात्र एकच होती : वीज बदलती हवी. सारखी एकाच दिशेने वाहणारी वीज पलीकडे काहीच पोहोचवीत नाही.

ही अट नीट ध्यानात ठेवा. पाचाडच्या डीपीचे सारे गुपित तिच्यातच आहे.

करवतीसारखी वीज

फॅरेडेच्या शोधानंतर पुढच्याच वर्षी, १८३२ साली, पॅरिसमध्ये हिपोलिट पिक्सी याने हाताने फिरविण्याचे एक यंत्र तयार केले. चुंबक तारांच्या वेटोळ्यापुढे फिरविला की वीज तयार होई. पण चुंबकाची दोन टोके आलटून पालटून समोर येत असल्यामुळे वीजही एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे वाहत असे. त्या काळी लोकांना बॅटरीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज माहीत होती. ही उलटसुलट वीज त्यांना बिघाड वाटली. म्हणून त्यांनी यंत्राला एक जोड लावून ती सरळ करून घेतली. पुढे जिच्यावर सारे जग चालणार होते, ती वीज सुरुवातीला अशी नको म्हणून बाजूला काढली गेली.

एका दिशेने वाहणारी वीज म्हणजे डायरेक्ट करंट किंवा डीसी. टॉर्चचा सेल, मोबाईलची बॅटरी, मोटारसायकलची बॅटरी हे सारे डीसी. एसी ही दिशा बदलणारी. मुलांना हे समजावून द्यायचे असेल तर दोघांनी ओढायची मोठी करवत आठवा. करवत पुढे जाते, मागे येते. एकाच जागी हेलकावे खाते, कुठेच निघून जात नाही. तरीही लाकूड दोन्ही वेळा कापले जाते. एसी विजेचे काम असेच चालते. आपल्या देशातल्या विजेचे सेकंदाला असे ५० पूर्ण हेलकावे होतात. म्हणजे एका सेकंदात ती १०० वेळा दिशा बदलते.

दाब वाढवा, गळती कमी होते

आता एडिसनकडे वळू. टॉमस एडिसनने दिवा घराघरात वापरण्याजोगा केला हे खरे. पण नुसता दिवा असून भागत नाही, त्याला वीज पोहोचवावी लागते. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचे वीजघर सुरू झाले. वीज डीसी होती, दाब ११० व्होल्टच्या आसपास. मोठी अडचण अशी की वीजघरापासून दीड-दोन किलोमीटरच्या पुढे ती परवडत नसे. दूर जाता जाता तार तापे, वीज उष्णता होऊन वाया जाई. हे टाळायचे तर तांब्याची तार मनगटाएवढी जाड घ्यावी लागे. एवढे तांबे आणायचे कुठून? म्हणजे दर दोन मैलांवर एक वीजघर, एक धुराडे आणि कोळशाचा ढीग. श्रीमंतांच्या पेठेत हे जमले असते. खेड्यात, डोंगरात कधीच जमले नसते.

यातून सुटका कशी झाली ते थोडा हिशेब करून पाहू. विजेची शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. समजा १ लाख वॅट वीज पाठवायची आहे. दाब १०० व्होल्ट असेल तर १,००० अँपियर प्रवाह लागेल. दाब १०,००० व्होल्ट केला तर १० अँपियर पुरेल. वीज तेवढीच, प्रवाह शंभरपट कमी. आणि तारेत होणारी गळती ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह शंभरपट कमी झाला की त्याच तारेतली गळती दहा हजार पटीने कमी होते. मग बारीक तारेतून शेकडो मैल वीज नेता येते.

पण १०,००० व्होल्ट घरात आणले तर घर जळेल आणि माणूस मरेल. म्हणून वाटेत दाब चढवायचा आणि गावाजवळ पुन्हा उतरवायचा. हे करणारे यंत्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मराठीत रोहित्र. आपण त्याला डीपी म्हणतो. त्याच्या पोटात फॅरेडेच्या कड्यासारखाच लोखंडाचा गाभा असतो आणि त्यावर दोन वेटोळी. एकात फेरे जास्त, दुसऱ्यात कमी. फेऱ्यांचे जे प्रमाण, तेच दाबाचे प्रमाण. त्यात फिरणारा भाग एकही नाही, झिजणारे चाक नाही. पण चालते फक्त बदलत्या विजेवर, म्हणजे एसीवर. डीसी दिली तर दुसरे वेटोळे गप्प बसते. एसी जिंकली याचे खरे कारण हे आहे.

पाचाडच्या विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. डीपीत ११,००० व्होल्ट येतात, तेथे ते ४०० च्या आसपास उतरतात आणि त्यातल्या एका फेजवर घरात २३० व्होल्ट येतात.

एकट्याचा शोध नव्हे

ही युक्ती कोणाची? अलीकडे निकोला टेस्लाचे नाव फार घेतले जाते. एसीचा जनक तो एकटाच, असे सर्रास सांगितले जाते. टेस्ला मोठा माणूस होताच. पण शोध हे एखाद्या अवताराने येऊन करावे तसे होत नाहीत. अनेकांनी एकेक वीट रचलेली असते.

रोहित्राचेच पाहा. फ्रान्सचा गोलार आणि इंग्लंडचा गिब्ज यांनी १८८४ साली इटलीतल्या तुरिनच्या प्रदर्शनात आपले यंत्र दाखविले. त्यातले दोष काढून १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तिघांनी आजच्या धर्तीचे रोहित्र तयार केले. अमेरिकेत विल्यम स्टॅन्लीने मार्च १८८६ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन या लहान गावच्या बाजारपेठेत रोहित्रे लावून एसीवर दिवे पेटवून दाखविले. त्याच्या पाठीशी जॉर्ज वेस्टिंगहाऊस हा उद्योगपती होता.

दिवे पेटले, पण एसीवर चालणारी चांगली मोटर नव्हती. कारखान्याला दिव्यापेक्षा मोटर महत्त्वाची. येथे टेस्ला पुढे आला. १८५६ साली आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान या खेड्यात तो जन्मला. १८८४ साली अमेरिकेत आला, काही महिने एडिसनच्या कंपनीत काम केले, मग नोकरी सोडली. पुढे धंद्यात फसगत झाल्यावर त्याने पोटासाठी न्यूयॉर्कमध्ये चर खणण्याची मजुरीही केली. १८८८ च्या मे महिन्यात त्याच्या मोटरचे पेटंट मंजूर झाले आणि १६ मे रोजी त्याने इंजिनियरांपुढे आपले गाजलेले व्याख्यान दिले. व्याख्यानाचे ठिकाण होते न्यूयॉर्कचे कोलंबिया कॉलेज. पंचवीस वर्षांनी, १९१३ साली, याच कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर शिकायला गेले.

टेस्लाच्या मोटरची कल्पना अशी. तीन माणसांनी एका मोठ्या जात्याभोवती उभे राहावे आणि एकापाठोपाठ एक, आपापल्या पाळीला खुंट्याला ढकलावे. जाते न थांबता फिरत राहील. तसेच, एकापाठोपाठ हेलकावे घेणाऱ्या दोन किंवा तीन एसी धारा वेटोळ्यांत सोडल्या की चुंबकाची ओढ गोल फिरू लागते आणि तिच्यामागे मधला लोखंडी भाग फिरतो. फिरणाऱ्या भागाला वेगळी तार जोडावी लागत नाही, ठिणग्या उडत नाहीत. इटलीच्या गालिलिओ फेरारिसनेही हेच तत्त्व स्वतंत्रपणे शोधले होते. आणि आज गिरणीवाला ज्याला थ्री फेज म्हणतो, ती तीन धारांची पद्धत व्यवहारात आणली ती जर्मनीत काम करणाऱ्या डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या रशियन इंजिनियरने. १८९१ साली लाउफेन गावच्या धबधब्यावर तयार केलेली वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात नेण्यात आली. जवळजवळ तीन चतुर्थांश वीज वाटेत न गळता पोहोचली. आता शंकेला जागा उरली नाही.

आणखी एक नाव आपल्या मुलांना जरूर सांगा. चार्ल्स स्टाइनमेट्झ. जन्मतः पाठीला कुबड, उंची कमी, विचाराने समाजवादी, म्हणून जर्मनीतून परागंदा. १८८९ साली अमेरिकेच्या बंदरावर उतरला तेव्हा त्याचे शरीर पाहून अधिकारी त्याला परत पाठविण्याच्या बेतात होते. सोबतच्या मित्राने रदबदली केली म्हणून तो आत आला. पुढे याच माणसाने एसीचे गणित इतके सोपे करून दिले की साध्या इंजिनियरलाही कागदावर हिशेब करता येऊ लागला. माणसाच्या शरीरावरून किंवा जन्मावरून त्याची किंमत करणाऱ्यांनी जगाचे किती नुकसान केले असेल याचा विचार करावा.

धंद्याची लढाई

एसी सहजासहजी जिंकली नाही. एडिसनचे भांडवल डीसीत गुंतले होते. एसी म्हणजे मृत्यू असा प्रचार सुरू झाला. लोकांसमोर कुत्री, वासरे, घोडे एसीचा धक्का देऊन मारून दाखविण्यात आले. ६ ऑगस्ट १८९० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात विल्यम केमलर या कैद्याला विजेच्या खुर्चीत बसवून एसीने मारण्यात आले. पहिल्या धक्क्याने तो मेला नाही, दुसरा द्यावा लागला. एका माणसाचे मरण दोन कंपन्यांच्या भांडणात जाहिरातीसारखे वापरले गेले.

एसीचा धोका खोटा नव्हता. पण त्या धोक्यावर उपाय शोधण्याऐवजी भीती विकली गेली. शेवटी हिशेबानेच निकाल लावला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातले दिवे वेस्टिंगहाऊसने एसीवर लावले. १८९५ साली नायगारा धबधब्यावरचे वीजघर सुरू झाले आणि नोव्हेंबर १८९६ मध्ये तिथली वीज बफेलो शहराला पोहोचली.

सह्याद्रीचा उतार

ही वीज आपल्याकडे यायला फार वर्षे लागली नाहीत. १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला पाण्यावरचे छोटे वीजघर सुरू झाले. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रची वीज जवळपास दीडशे किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना नेली गेली. त्या काळात एवढ्या लांब वीज नेणाऱ्या जगातल्या मोजक्या लाईनींपैकी ती एक होती.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे. इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात अफाट पाणी पडते आणि माथ्यापासून कोकणात सरळ कडा उतरतो. डेव्हिड गोसलिंग या मुंबईतल्या स्थापत्यकाराने हे पाणी विजेसाठी वापरण्याची कल्पना मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेटजी १९०४ साली वारले. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीच्या वीजघरातून वीज मुंबईला निघाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली आपटून चक्रे फिरवू लागले. तारेवर दाब होता एक लाख व्होल्टच्या घरात, अंतर सुमारे ७० किलोमीटर. एडिसनच्या डीसीवर हे स्वप्नातही शक्य नव्हते.

पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा ही वीजघरे सुरू झाली. भिरा आपल्या रायगड जिल्ह्यात, कुंडलिकेच्या उगमाकडे. मुळशीच्या धरणाचे पाणी बोगद्यातून डोंगर ओलांडते, नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते, चक्रे फिरवते आणि कुंडलिकेला मिळते. कोलाडला आज पर्यटक रबरी होड्यांतून जी गंमत करतात ती याच सोडलेल्या पाण्यावर. भिऱ्याच्या जुन्या वीजघराची क्षमता १५० मेगावॅट आहे आणि १९९० च्या दशकात तेवढ्याच क्षमतेचे आणखी एक यंत्र त्याला जोडले गेले.

१९२७ हे साल आपल्या वाचकांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्या वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, एकीकडे पाण्याची वीज होऊन शे-दीडशे किलोमीटरवरच्या मुंबईला जात होती आणि दुसरीकडे माणसांना गावातल्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागत होता. यंत्र पुढे जाते म्हणून समाज आपोआप पुढे जातोच असे नाही, याचा याहून ढळढळीत पुरावा नको.

उजेड कोणाचा, जमीन कोणाची

या विजेची किंमत कोणी मोजली हेही सांगितले पाहिजे. मुळशीच्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांची भातशेते आणि घरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी तेथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढे ज्यांना सारा महाराष्ट्र सेनापती बापट म्हणून ओळखू लागला, ते त्याचे पुढारी. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने राबले. बायका-पुरुष तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत लढा चालला, पण धरण झाले. धरणाविरुद्ध लोकांनी उभारलेल्या जगातल्या पहिल्या लढ्यांत त्याची गणना होते.

जमिनीची भरपाई ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळते. पण ज्याच्या नावावर काही नव्हते, जो दुसऱ्याच्या शेतावर राबत होता, गावकीचे काम करून बलुत्यावर जगत होता, त्याचे गाव बुडाल्यावर त्याला काय मिळणार? हा प्रश्न मुळशीपुरता नाही. प्रत्येक धरणाच्या वेळी तो विचारला पाहिजे.

उजेड गेला मुंबईला. तेथेही गंमत पाहा. कोकणातून, महाड-पोलादपूरच्या डोंगरांतून गिरणीत कामाला गेलेली माणसे डोंगराच्या पाण्याच्या विजेवर माग चालवीत होती आणि त्यांच्या मागे राहिलेल्या घरांत रॉकेलची चिमणी जळत होती. एसीने वीज दूर नेता येऊ लागली, हे तिचे मोठेपण. पण वीज दूर नेता येते म्हणून ती जवळच्याला ओलांडूनही जाऊ शकते. मोठ्या मनोऱ्यांच्या तारा डोक्यावरून गेल्या आणि खालच्या वाड्या कित्येक वर्षे अंधारातच राहिल्या. कारण खासगी कंपनी वीज नेते ती गिऱ्हाईक असेल तिकडे. वाडीवरच्या दहा घरांसाठी खांब टाकणे तिला परवडत नाही.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

टेस्ला ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एकाकी अवस्थेत वारला. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला दिल्लीत विजेसंबंधीच्या धोरण समितीची बैठक झाली. अध्यक्षस्थानी होते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४२ ते १९४६ या काळात त्यांच्याकडे मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. बाबासाहेब घटनाकार म्हणून सर्वांना माहीत आहेत. विजेसाठी त्यांनी केलेले काम आपल्यातही पुष्कळांना ठाऊक नसते.

त्या भाषणात त्यांनी मुळापासूनचे प्रश्न मांडले. वीज खासगी मालकांच्या हाती असावी की सरकारच्या? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? ती स्वस्त आणि मुबलक कशी मिळेल? आणि मुळात भारताला वीज हवी कशासाठी? त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा की वीज हवी ती उद्योगधंदे वाढविण्यासाठी, आणि उद्योगधंदे हवेत ते गरिबीच्या चक्रातून माणसाला सोडविण्यासाठी. शेतीवर पडलेला माणसांचा भार हलका झाल्याशिवाय दारिद्र्य जाणार नाही, हे ते अर्थशास्त्रज्ञ म्हणून जाणत होते. १९४४ च्या नोव्हेंबरात त्यांच्या कारकिर्दीत केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. देशभरच्या विजेची आखणी एका जागी बसून करण्याची ही सुरुवात.

पुढे १९४८ साली वीजपुरवठा कायदा झाला आणि त्यानुसार राज्यांची वीज मंडळे निघाली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० सालचे. कोयनेची वीज १९६० च्या दशकात आली. मंडळाने तोटा सोसून डोंगरदऱ्यांत खांब नेले, म्हणून आपल्या वाड्यांत दिवा लागला. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. बिल आज महावितरणचे येते. नफ्या-तोट्याचा हिशेब हवाच. पण वीज कशासाठी, हा १९४३ चा प्रश्न त्या हिशेबाच्या वर ठेवावा लागतो.

जाता जाता आणखी एक गोष्ट. डीसी संपली असे समजू नका. मुंबईची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी १,५०० व्होल्ट डीसीवर धावू लागली. ती २५,००० व्होल्ट एसीवर यायला पश्चिम रेल्वेवर २०१२, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ आणि हार्बरवर २०१६ साल उजाडले. आणि उलट, चंद्रपूरची वीज मुंबईजवळ पडघ्याला १९९९ पासून ५ लाख व्होल्ट डीसीवर येते, कारण आता डीसीचाही दाब चढविण्याची साधने निघाली आहेत. सौर पॅनेल, मोबाईल, एलईडी दिवा हे सारे आतून डीसीच. ज्ञानात कोणी कायमचा हरत नाही आणि कोणी कायमचा जिंकतही नाही.

घरात काय सांभाळाल?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड जिल्ह्यात खांब आणि तारा आडव्या झाल्या आणि गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. जुलै २०२१ मध्ये महाडला महापूर आला. अशा दिवसांत वायरमन जीव धोक्यात घालून काम करतो, त्याला सहकार्य करा. आणि घरी या गोष्टी पाळा.

१०० वॅटच्या जुन्या दिव्यात जेवढा करंट जात असे त्याचा चौथा हिस्सा जरी छातीतून गेला तरी हृदय बंद पडू शकते. शिवाय एसीने स्नायू आखडतात आणि पकडलेली तार हातातून सुटत नाही. म्हणून तुटून पडलेली तार बंद आहे असे कधीही धरून चालू नका. मुलांना, गुरांना दूर ठेवा आणि १९१२ या क्रमांकावर कळवा.

कोणाला शॉक लागला असेल तर आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने तार बाजूला करा. उघड्या हाताने माणसाला ओढू नका. वाचवायला गेलेलाही मरतो, असे अनेकदा घडले आहे.

कपडे वाळत घालायची लोखंडी तार विजेच्या खांबाला किंवा पत्र्याच्या शेडला बांधू नका. तीन पिनांच्या जागी दोन पिना लावून अर्थिंग टाळू नका, तिसरी पीन जीव वाचविण्यासाठीच असते. फ्यूजमध्ये जाड तार घालू नका. आणि चार पैसे साठवून घरात ३० मिलिअँपियरवर तुटणारा आरसीसीबी बसवून घ्या. करंट जमिनीकडे गळू लागला की तो क्षणात वीज तोडतो. सणासुदीला एक वस्तू कमी घेतली तरी चालेल, पण हे काम पावसाळ्यापूर्वी करा.

शेवटचे पालकांसाठी. आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियन हे ट्रेड आहेत. त्यात मुलांबरोबर मुलींनीही नाव घालावे. हात काळे होतात म्हणून हे काम हलके, असे कोणी म्हणाले तर त्याला फॅरेडेची गोष्ट सांगा. आणि पाचाडच्या आपल्या विद्यार्थिनीला एवढेच सांगणे : लोखंडाचा खिळा, इनॅमलची बारीक तार, एक सेल आणि होकायंत्राची सुई मिळवून १८३१ चा तो प्रयोग शाळेतल्या शिक्षकांच्या मदतीने करून पाहा. घरच्या प्लगला मात्र काहीही जोडू नकोस. सुई हलली की नाही ते आम्हाला कळव.